अण्णांची गाडी का अडखळत होती?

वाचकहो, औषधांच्या पाक्षिकात संगणकाच्या सुट्या भागांविषयी लेख पाहून आपण कदाचित पान उलटू पाहाल. क्षणभर थांबा. ही हकीकत माझ्या ८१ वर्षांच्या वडिलांची आहे आणि तिच्यात माझी एक चूकही आहे.

अण्णा एस.टी.चे चालक होते. त्यांची निम्म्याहून अधिक नोकरी कराड-चिपळूण मार्गावर झाली. कुंभार्ली घाटातले प्रत्येक वळण त्यांना आजही हाताने दाखवता येते. आई गेल्यानंतर ते माझ्याकडे राहावयास आले, तेव्हा येताना स्वतःची स्कूटरही घेऊन आले. चाळिशीनंतर वाहन परवान्याच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, ‘नमुना १-अ’. अशा शेकडो प्रमाणपत्रांवर मी सह्या केल्या आहेत. अण्णांच्या कागदावर मात्र केली नाही. काचबिंदूने त्यांची बाजूची दृष्टी आकसली होती आणि त्यापूर्वीच्या दोन महिन्यांत ते दोनदा थोडक्यात वाचले होते. “ताई, बत्तीस वर्षं गाडी चालवली, एक माणूस दुखावला नाही,” एवढेच ते म्हणाले. त्यानंतर तीन आठवडे ते माझ्याशी कामापुरतेच बोलत.

माझा मुलगा जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीस गेला, तेव्हा त्याचा खेळांचा संगणक त्याच्या खोलीत तसाच राहिला होता. सुटीवर आला असता त्याने आजोबांचे तोंड पाहिले आणि त्या संगणकाला एक स्टिअरिंग व्हील व पायांशी पेडल्स जोडून दिली. ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ हा झेक प्रजासत्ताकातील एका कंपनीने २०१२ साली काढलेला खेळ. त्यात मारामारी नाही की गोळीबार नाही. मालाने भरलेला ट्रक युरोपभर हाकायचा, सिग्नल तोडला तर दंड भरायचा, आणि झोप आली की गाडी बाजूला घेऊन विश्रांती घ्यायची. पहिल्या दिवशी अण्णा डाव्या बाजूने निघाले आणि समोरून आलेल्या टँकरवर आदळले. आठवड्याभरात ते उजवीकडून सफाईने जाऊ लागले. रोजची खेप ठरली. माल कुठूनही उचलायचा, उतरवायचा श्टुटगार्टला.

हे वर्षभर सुरळीत चालले. मग गेल्या पावसाळ्यात अण्णांना चक्कर येऊ लागली.

वृद्धांची चक्कर हा विषय आम्हा डॉक्टरांना नवा नाही. रक्तदाबाची गोळी, प्रोस्टेटची गोळी, काचबिंदूचे थेंब, यांपैकी काहीही त्यास कारण होऊ शकते. मी निजवून आणि उभे करून रक्तदाब मोजला, साखर पाहिली, नाडी पाहिली, मान वळवून कानाच्या आतल्या तोलाची तपासणी केली. सारे ठीक. तरीही मी चक्करेची गोळी सुरू केली. माझी चूक ती हीच. कारण सापडले नाही म्हणून गोळी दिली आणि आठ दिवस ती चालू ठेवली. गोळीने अण्णा पेंगू लागले, चक्कर मात्र होती तिथेच राहिली.

नवव्या दिवशी मी तो प्रश्न विचारला, जो दवाखान्यात परक्या रुग्णाला पहिल्या मिनिटाला विचारते. नेमके काय करताना होते? अण्णा म्हणाले, “रात्रीच्या पावसात शहरात शिरलो की होतंय. गाडी पुढं जाते आन् डोळं मागं ऱ्हात्यात.”

मग मी त्यांच्यामागे खुर्ची टाकून बसले. मोकळ्या रस्त्यावर चित्र पाण्यासारखे वाहत होते. शहराजवळ दिवे, पाऊस, आरशांतली प्रतिबिंबे वाढली आणि चित्र अडखळू लागले. व्हील फिरवल्यावर रस्ता क्षणभर उशिरा वळे. डोळे सांगतात, आपण चाललो आहोत. कानातला तोल सांगतो, आपण खुर्चीत बसलो आहोत. हा विसंवाद मुळात असतोच. त्यात चित्र थबकत आणि मागे पडत असेल तर मेंदूची पंचाईत आणखी वाढते. बोट लागते, घाट लागतो, तसाच हा प्रकार. गोळी मी त्याच रात्री बंद केली.

आता उपचार संगणकाचा करायचा होता. मुलगा व्हिडिओ कॉलवर आला. यंत्र २०१४ सालचे: चार गाभ्यांचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, आणि त्यात ‘जीटीएक्स ७५० टीआय’ हे ग्राफिक्स कार्ड. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचे चित्र रंगवणारा संगणकातला वेगळा कारखाना. त्याची स्वतःची स्मृती असते; या कार्डात ती २ जीबी होती. मुलाने मला ‘टास्क मॅनेजर’ उघडायला लावले. खेळ चालू असताना कोण किती दमते आहे, ते त्यात आलेखाने दिसते. हा तर ईसीजीच, असे मनात आले. मोकळ्या रस्त्यावर कार्ड सत्तर टक्क्यांच्या आसपास होते. शहरात शिरताच शंभरला टेकले आणि त्याची स्मृती काठोकाठ भरली. ती भरली की उरलेला ऐवज संगणकाच्या मुख्य स्मृतीतून आणावा लागतो आणि त्या खेपांमध्ये चित्र थबकते.

प्रोसेसरचा आकडा मात्र पन्नास टक्क्यांच्या आतच होता. “त्याला फसू नकोस,” मुलगा म्हणाला, “ती चारही गाभ्यांची सरासरी आहे. एकच गाभा पूर्ण दमलेला असला तरी सरासरी कमीच दिसते.” हे मला लगेच पटले. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा उत्तम असलेले किती रुग्ण पहाटे साखर उतरून घामाघूम होतात! आम्ही गाभे वेगवेगळे पाहिले. एकावर बराच ताण होता, पण तो अजून तग धरून होता. म्हणजे पहिला दोष कार्डाचा, आणि कार्ड फार मोठे घेतले तर दुसरा दोष प्रोसेसरचा ठरणार.

खर्च करण्यापूर्वी फुकटचे उपाय केले. खेळातील आरशांचा आणि सावल्यांचा दर्जा कमी केला, चित्राची सूक्ष्मता उतरवली. अडखळणे थांबले, चक्करही थांबली. पण दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, “पाट्या वाचता येत नाहीत.” मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवलेली त्यांची भिंगे दूरचे पाहण्यासाठी आहेत. वाचनाचा चष्मा हातातल्या वर्तमानपत्राच्या अंतराचा. पडदा या दोहोंच्या मधोमध, हातभर अंतरावर. द्विकेंद्री चष्म्याच्या खालच्या काचेतून पाहण्यासाठी ते हनुवटी वर करून बसत आणि रात्री मान दुखते म्हणत. पडद्याच्या अंतराचा स्वतंत्र चष्मा करून घेतल्यावर मान सुटली आणि पाट्या निम्म्या सुधारल्या. आपल्या घरी संगणकापुढे बसणारे कुणी ज्येष्ठ असतील, तर हा चष्मा आधी करा. बाकीचे सारे मागाहून.

उरलेल्या निम्म्यासाठी मात्र कार्डच हवे होते. काचबिंदूत फिके आणि गडद यांतला फरक ओळखण्याची शक्ती उणावते. तरुण डोळा पुसट पाटी ओळखून घेतो, अण्णांच्या डोळ्याला ती रेखीवच लागते. तेव्हा हा हौसेचा खर्च, असे मी स्वतःस म्हणेनासी झाले.

दुकानात गेलो तेव्हा विक्रेत्याने अण्णांकडे न पाहता मला विचारले, “मुलासाठी का?” माझ्या उत्तरावर तो हसला आणि त्याने ‘आरटीएक्स ४०६०’ पुढे केले. सोबत नवा एसएमपीएस लागेल म्हणाला, आणि पुढच्या वर्षी प्रोसेसर, बोर्ड, रॅम. एका औषधाचा परिणाम सावरण्यास दुसरे, दुसऱ्याचा सावरण्यास तिसरे! वृद्धांच्या गोळ्यांचे डबे असेच भरतात.

आमची खरी मर्यादा होती विजेची. ज्या खाचेत कार्ड बसते ती खाच त्याला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज देते. त्याहून अधिक भूक असलेल्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी केबल लागते. आमचा एसएमपीएस दहा वर्षांचा, साधा; त्याच्यावर नवा भार टाकणे मला नको होते. त्यामुळे निवड ७५ वॅटच्या आतली. जुने वापरलेले ‘जीटीएक्स १६५०’ स्वस्तात मिळत होते, परंतु आधीच्या धन्याने ते कसे राबवले याचा भरवसा नव्हता. ‘आरएक्स ६४००’ फक्त ५३ वॅटचे, पण ते खाचेच्या सोळांपैकी चारच मार्गिका वापरते. नव्या बोर्डावर ते खपून जाते, आमच्यासारख्या जुन्या बोर्डावर त्याची गती उतरते. शेवटी ‘आरटीएक्स ३०५०’ घेतले, ६ जीबीचे, ७० वॅटचे, वेगळी केबल न लागणारे. इथे सावध असावे. याच नावाचे ८ जीबीचे कार्ड १३० वॅट मागते. औषधाचे नाव तेच आणि मात्रा दुप्पट, असा प्रकार. खोक्यावरचा आकडा अण्णांनी स्वतः भिंगाने वाचला.

बसवण्याचे काम रविवारी दुपारी झाले. कॅबिनेटची लांबी आधीच फूटपट्टीने मोजली होती. झाकण उघडताच अण्णा म्हणाले, “रेडिएटर तुंबलाय की!” पंख्यांवर बोटभर धूळ होती; ती त्यांनी रंगाच्या ब्रशने तासभर झाडली, आणि माझा समज आहे की निम्मा गुण त्या झाडण्याचाच असावा. एका गोष्टीत आम्ही फसलो. पडद्याची जुनी निळ्या टोकाची केबल नव्या कार्डाला बसेना. सुदैवाने पडद्याला एचडीएमआयची जागा होती. केबल आणेपर्यंत दिवेलागण झाली.

त्या संगणकातील विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नियमित सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे थांबले आहे आणि त्याचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. म्हणून बँकेचा कोणताही व्यवहार त्यावर करायचा नाही, असा घरात नियम आहे. दुसरा नियम खेळानेच घालून दिला. साधारण अर्ध्या-पाऊण तासाने खेळातला चालक जांभया देऊ लागतो. तो गाडी थांबवून झोपला की अण्णांनी उठायचे, अंगणात दोन फेऱ्या मारायच्या, पाणी प्यायचे. पावलांना येणारी सूज त्यामुळे कमी झाली. पडद्यामागे एक मंद दिवा लावलेला असतो, म्हणजे काळोखात डोळे दिपत नाहीत.

त्या रविवारी रात्री अण्णा पावसातून श्टुटगार्टला पोहोचले. मी मागे बसून त्यांच्या मानेकडे पाहत होते. ती ताठ नव्हती. माल उतरवून त्यांनी मुलाला फोन लावायला सांगितले.

“तुमच्या गावाबाहेर रस्त्याचं काम निघालंय. पाटी वाचली मी,” ते म्हणाले. “खरंच चाललंय का रे?”

“कायमच चाललेलं असतं, आजोबा,” तो म्हणाला. “इथंही.”