यंत्र आणि कप्पी

मिस्सामध्ये पवित्र होस्तिया उंचावण्याचा क्षण हा धर्मगुरूच्या दिवसाचा कळस असतो. गुरुदीक्षेपासून इतकी वर्षे मी तो अनुभवीत आलो. परंतु त्या क्षणी आपल्या हाताचा विचार कधी मनात आला नव्हता. गेल्या वर्षी १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, फैजपूर येथे एका कुटुंबाच्या ओट्यावर मी मिस्सा अर्पण करीत होतो. हात उंचावू लागलो, तो उजवा हात छातीपर्यंत आला आणि तेथेच अडला. खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. डाव्या हाताने होस्तिया कशीबशी वर धरली आणि पुढची प्रार्थना म्हटली. भाविकांच्या ते ध्यानात आले नाही. धर्मगुरूच्या पुष्कळशा गोष्टी भाविकांच्या ध्यानात येत नाहीत, आणि त्याला ते सोयीचे वाटते.

पुढे दुखणे वाढतच गेले. रात्री त्या कुशीवर वळलो की जाग येई. झगा अंगात घालताना दुसऱ्याची मदत लागू लागली. अस्थिरोगतज्ज्ञांनी क्ष-किरण चित्र काढून पाहिले आणि सांगितले, "फादर, खांदा आखडला आहे. याला 'फ्रोझन शोल्डर' म्हणतात. तुमच्या मधुमेहामुळे हे झालेले असू शकते. साखर आटोक्यात ठेवा आणि फिजिओथेरपी सुरू करा." व्यायामांची चित्रे असलेला एक कागद त्यांनी दिला. तो मी घडी करून प्रार्थनाग्रंथात ठेवला. तेथे तो सुरक्षित राहिला. त्याचा दुसरा काही उपयोग झाला नाही.

कारण त्याच सुमारास मुंबईस नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याने एक मालिशयंत्र भेट म्हणून आणून दिले. आकार पिस्तुलासारखा, पुढे रबरी गोळा. कळ दाबली की तो गोळा भराभर ठोके देऊ लागतो. बाजारात त्यास 'मसाज गन' असे नाव आहे. रात्री खुर्चीत बसून मी ते खांद्यावर फिरवू लागलो. खरे सांगतो, फार बरे वाटे. तासभर ठणका कमी होई, झोप लागे. सकाळी पुन्हा तेच. परंतु ज्याला रात्रीची झोप मिळाली तो सकाळचा विचार करीत नाही. व्यायामाने दुखते, यंत्राने बरे वाटते. तेव्हा यंत्र हेच औषध, असा सोयीचा निष्कर्ष मी काढला.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती, तर ती या त्रैमासिकात लिहिण्याजोगी झाली नसती.

फैजपूर, सावदा, यावल हा सारा केळीचा मुलूख आहे. मृगबाग असो वा कांदेबाग, घड कापणीला आला की तो कापून, खांद्यावर घेऊन बागेबाहेर आणावा लागतो. वीस-पंचवीस किलोचा घड, चिखलातली वाट, आणि दिवसभरात अशा किती खेपा! आमच्या थोड्या कुटुंबांपैकी एका घरचे कर्ते भाऊ हेच काम करतात. दसऱ्याच्या सुमारास मिस्सानंतर ते मला म्हणाले, "फादर, खांदा लई दुखतो. काय करावं?" मी उत्साहाने माझ्या यंत्राचे गुणगान केले. कोठे मिळते, किंमत किती, तेही सांगितले. माझ्याकडील व्यायामाच्या कागदाविषयी मी बोललो नाही. मधुमेहाविषयीही बोललो नाही. धर्मगुरूचा शब्द म्हणून त्या गृहस्थाने उसनवार करून तसलेच एक यंत्र घेतले.

त्यानंतर राखेच्या बुधवारी ते माझ्यासमोर आले. मला त्यांच्या कपाळाला राख लावायची होती. ते उंच आहेत. माझा हात तेथवर पोहोचेना. ते किंचित वाकले. नंतर अंगणात भेटले तेव्हा कळले की आता त्यांचाही हात वर जात नाही. दोन महिन्यांपासून घड उचलणे बंद होते, मजुरी बुडाली होती. यंत्र मात्र ते रोज रात्री लावीत होते. "तुम्ही सांगितलं होतं ना," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला सोपे गेले असते.

त्याच आठवड्यात मी त्यांना बरोबर घेऊन फिजिओथेरपिस्टकडे गेलो. वयाने माझ्या भाचीएवढी असलेली ही मुलगी बोलण्यात स्पष्ट होती. तिने आम्हा दोघांचेही हात कोनमापकाने मोजले आणि मला विचारले, "फादर, हे यंत्र लावू लागल्यापासून दुखणं किती कमी झालं ते तुम्ही सांगितलंत. हात किती वर जाऊ लागला, ते सांगा." माझ्याजवळ उत्तर नव्हते. सहा महिन्यांत मी तो प्रश्न स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

मग तिने समजावून सांगितले. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला मोठा चेंडू. बशी उथळ म्हणूनच हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच त्याला स्नायूंचा व आवरणाचा आधार लागतो. आखडलेल्या खांद्यात हे आवरण सुजते, जाड होते आणि आक्रसते. पहिले काही महिने वेदनेचे, मग काही महिने ताठरपणाचे, मग हळूहळू मोकळे होण्याचे. या साऱ्याला एक ते तीन वर्षेही लागू शकतात. चाळीस ते साठ या वयात आणि मधुमेह असलेल्यांमध्ये हे दुखणे अधिक आढळते. यंत्राचे ठोके वरच्या स्नायूंचा ताण सैल करतात आणि वेदनेची जाणीव काही वेळ मंदावतात. लागलेल्या जागी आपण हात चोळतो आणि बरे वाटते, तसेच हे. (मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली याची उपपत्ती मांडली: स्पर्शाची संवेदना वेदनेच्या वाटेवरचे दार काही काळ लोटून घेते.) परंतु आक्रसलेले आवरण ठोक्यांनी सैल होत नाही. ते सैल करायचे, तर हात सोसवेल तेवढा, पण रोज हलवावा लागतो.

तिने आम्हा भाऊंची साखरही तपासून घ्यायला लावली. उपाशीपोटी २१० निघाली. १२६ च्या पुढे गेली की मधुमेहाची शंका घ्यावी, एवढे मला ठाऊक होते. माझ्या खांद्याचे कारण मला ऑगस्टमध्येच कळले होते. ते मी त्यांना सांगितले असते, तर चार महिन्यांपूर्वीच त्यांच्यावर उपचार सुरू झाले असते. माझ्या पापनिवेदनात मी हे सांगितले आहे, येथेही सांगतो.

मला वाटले होते, ती आमची यंत्रे अडगळीत टाकायला सांगेल. तसे तिने केले नाही. तिने त्यांना त्यांची जागा दाखवून दिली. व्यायामाआधी गरम पाण्याचा शेक किंवा यंत्र, एका जागी मिनिट-दोन मिनिटे, तेही मांसल भागावर. हाडावर नाही, मानेच्या पुढच्या बाजूस मुळीच नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हृदयाला पेसमेकर बसवला असेल, त्वचेला बधिरपणा असेल किंवा सूज-जखम असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. आणि डावा खांदा दुखून सोबत छातीत दडपण, घाम, धाप असे काही असेल, तर ना यंत्र ना तेल. तडक रुग्णालय गाठावे. यंत्रानंतर लगेच व्यायाम: पुढे वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवणे, भिंतीवर बोटे चालवीत वर नेणे, आणि दाराला कप्पी बांधून दोराने चांगल्या हाताने दुखरा हात वर ओढणे.

कप्पी हा शब्द ऐकताच आमचे भाऊ हसले. विहिरीवरची जुनी कप्पी त्यांच्या घरी पडून होती.

फैजपूरला राहून यंत्राविषयी बोलावे आणि गांधीजींची आठवण होऊ नये, हे कठीण. खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन येथलेच, डिसेंबर १९३६ मधले; अध्यक्ष पंडित नेहरू. गांधीजी यंत्राचे शत्रू होते अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु १९२४ साली एका संभाषणात त्यांनी शिवणयंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली होती, कारण त्या शोधामागे त्यांना पत्नीचे कष्ट हलके करू पाहणारे प्रेम दिसले. त्यांचा विरोध होता तो माणसाचे हातपाय निकामी करणाऱ्या यंत्राला. माझ्या बाबतीत तेच घडले होते, आणि तेही शब्दशः. दोष यंत्राचा नव्हता. हाताने करायचे काम मी त्याच्यावर सोपवले होते.

प्रायश्चित्तकाळात शुभवर्तमान वाचताना वाळलेल्या हाताच्या मनुष्याची कथा मला नव्याने भेटली. तीन शुभवर्तमानकार ती सांगतात. तो हात उजवा होता, असे लूक नमूद करतो. प्रभू येशूने कितीतरी रोग्यांना स्पर्शाने बरे केले. पेत्राच्या सासूला हात धरून उठवले, कुष्ठरोग्याला हात लावला. या मनुष्याला मात्र त्याने स्पर्श केल्याचे कोणीच लिहिलेले नाही. त्याने त्यालाच हात लांब करण्यास सांगितले. जे त्याला करता येत नव्हते, नेमके तेच! सेमिनरीत या उताऱ्यावर आम्ही शब्बाथाच्या नियमाची चर्चा करीत असू. तो मनुष्य हात उचलू लागला तेव्हा त्याला काय वाटले असेल, हा विचार त्या वेळी सुचला नाही. खांदा दुखल्यावर सुचला.

स्पर्शाने होणारे सांत्वन खोटे नाही. रुग्णांना तैलाभ्यंग देताना मी त्यांच्या कपाळाला आणि हातांना तेल लावतो, आणि त्या स्पर्शावर माझी श्रद्धा आहे. पण बेन सिराच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात प्रार्थनेबरोबर वैद्यालाही त्याचे स्थान द्यावयास सांगितले आहे. सांत्वन माणसाला उभे करण्यासाठी असते. इतकी वर्षे आजाऱ्यांच्या घरी जाऊन मी गोड बोललो, डोक्यावर हात ठेवला आणि निघालो. तपासणी केली का, औषध घेता का, कोण घेऊन जाते, हे किती घरी विचारले? माझे सांत्वनही त्या यंत्रासारखे तासभराचे ठरले असेल, ही शंका आता मनातून जात नाही.

आता पावसाळा सरत आला आहे. माझा हात कानापर्यंत जातो. होस्तिया दोन्ही हातांनी उंचावता येते. पूर्वीइतकी नाही, पण येते. आमच्या भाऊंची साखर गोळ्यांनी आणि पथ्याने उतरली आहे. ते अजून घड उचलत नाहीत. बागमालकाने त्यांना तूर्त मोजणीच्या कामावर ठेवले आहे. यंत्रासाठी केलेली उसनवारी मी फेडू म्हणालो, तर त्यांनी साफ नकार दिला. "ते चालतंय, फादर. आता बरोबर लावतो."

फैजपूरला गेलो की मिस्सानंतर आम्ही दोघे त्यांच्या पडवीत उभे राहतो. दाराला कप्पी टांगलेली असते. भिंतीवर बोटे जिथवर पोहोचतील तेथे त्यांची धाकटी मुलगी पेन्सिलीने रेघ ओढते. एकीकडे माझ्या रेघा, दुसरीकडे तिच्या वडिलांच्या. ते माझ्याहून उंच, म्हणून त्यांच्या रेघा वर आहेत. गेल्या रविवारी तिने दोन्ही बाजू नीट पाहिल्या आणि मला म्हणाली, "फादर, तुम्ही या आठवड्यात रोज केलं नाही."

तिचे म्हणणे खरे होते.