मागची फळी

१९५२ च्या जुलै महिन्यात हेलसिंकी येथील ऑलिंपिक स्पर्धेत युगोस्लाव्हियाच्या फुटबॉल संघाने भारताला धूळ चारली. त्यांचे गोल दहा आणि आपला एक! आदल्याच वर्षी दिल्लीत झालेल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत ज्या संघाने सुवर्णपदक जिंकले होते, त्याची ही गत व्हावी, याचे साऱ्या देशाला दुःख झाले. कोणी म्हणे, खेळाडू अनवाणी खेळले म्हणून हरले. कोणी थंड हवेला बोल लावी. संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी मात्र पराभवाचे मूळ मैदानाच्या मागच्या भागात शोधले.

रहीमसाहेब हैदराबादचे. त्यांचा मूळ पेशा शाळामास्तराचा. हैदराबाद पोलिसांच्या संघाला त्यांनीच घडविले होते. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा या संघाने १९५० पासून सलग पाच वर्षे जिंकली. मुंबईकर प्रेक्षकांना हे पाहुणे इतके परिचयाचे झाले होते की, त्यांचा खेळ पाहावयास कूपरेज मैदानावर झुंबड उडे.

त्या काळी आपल्याकडे मागे दोनच बचावपटू ठेवून खेळण्याचा प्रघात होता. आघाडीवर पाच गडी. चढाई मोठी देखणी दिसे! परंतु चपळ प्रतिस्पर्ध्याला त्या दोघांच्या मधली वाट मोकळीच सापडे. रहीमसाहेबांनी मध्यभागी तिसरा बचावपटू उभा केला. पुढे काळाची पावले ओळखून ही फळी चौघांची केली. ज्याला पुढे धावून टाळ्या मिळवायची सवय, त्याने मागे उभे राहून वाट अडवायची, हे काही सहज पचणारे नव्हे. पण मास्तरांनी ते गळी उतरविले. मुलांकडून ते डाव्या-उजव्यांपैकी कमजोर पायानेच खेळण्याचे सामने खेळवून घेत. पायात बूट घालणेही आता सक्तीचे झाले.

१९५६ साली मेलबोर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. तेथे पुन्हा युगोस्लाव्हियाशीच गाठ पडली. याही वेळी हार झाली, पण ती चार विरुद्ध एक अशी. दहावरून चारावर येणे हीदेखील कमाईच होती.

खरी कसोटी लागली ती १९६२ मध्ये, जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला दोन गोलांनी हरविले. पुढच्या सामन्यात थायलंडवर विजय मिळाला. पण त्यात बचाव फळीचा कणा असलेल्या जर्नेलसिंगच्या डोक्याला मोठी जखम होऊन टाके घालावे लागले. जखमी बचावपटूला मागे ठेवावे, तर चेंडू डोक्याने परतवताना टाके तुटायचे. बाहेर बसवावे, तर संघ दुबळा व्हायचा. रहीमसाहेब आणि कर्णधार चुनी गोस्वामी यांच्यापुढे मोठाच पेच उभा राहिला.

रहीमसाहेबांनी अजब तोड काढली. जर्नेलला त्यांनी थेट आघाडीच्या मध्यावर नेले आणि त्याची जागा अरुण घोष याच्यावर सोपविली. ज्या किल्ल्याचा बुरूजच हलविला, तो टिकेल का, अशी शंका कोणालाही यावी. परंतु दहा वर्षांत रहीमसाहेबांनी एकट्यादुकट्या वीराची नव्हे, तर फळीची जोपासना केली होती. एक गडी सरकला, की दुसरा त्याची जागा घेई. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामने दोन गोल फेडून बरोबरी साधली, तरी भारताने तो तीन विरुद्ध दोन असा जिंकला. त्यात एक गोल जर्नेलचा होता!

४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर आला. सुमारे लाखभर प्रेक्षक जमले होते आणि बहुतेक सारे भारताच्या विरुद्ध ओरडत होते. इस्रायल व तैवान यांना यजमान इंडोनेशियाने स्पर्धेत येऊ दिले नव्हते. त्यावर एका भारतीय क्रीडाधुरीणाने हरकत घेतल्याचा तो राग होता. बिचाऱ्या खेळाडूंचा त्यात काय दोष? या गदारोळातच प्रदीपकुमार बॅनर्जी याने पहिला गोल केला आणि थोड्याच वेळात डोक्याला टाके असलेल्या जर्नेलने दुसरा. त्यानंतर कोरियाच्या चढायांमागून चढाया होऊ लागल्या. गोलात उंचापुरा पीटर थंगराज, पुढे अरुण घोष, चंद्रशेखर आणि त्रिलोकसिंग. मध्यभागी गोव्याचा फॉर्च्युनॅटो फ्रँको चेंडू तोडीत होता. शेवटची काही मिनिटे उरली असताना कोरियाचा एक गोल झालाच. पण दुसरा होऊ शकला नाही.

रहीमसाहेबांचा हा अखेरचा मोठा विजय ठरला. कर्करोगाने ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर भारताच्या हाती पुन्हा आलेले नाही.