सातारा-सांगली, बाय एअर!

माझं माहेर सांगली, सासर सातारा आणि नोकरी पुण्यात. म्हणजे वीकेंड एक, घरं दोन आणि वाट बघणारी माणसं चार! त्यात बाबांची बायपास झाल्यापासून 'साताऱ्याहून सांगली किती तास?' हा प्रश्न टाइमपास उरलेला नाही. म्हटलं, एकदा विमानाचाही हिशेब करून बघू या.

नकाशावर पट्टी ठेवलीत तर ही दोन शहरं सरळ रेषेत साधारण ११० किलोमीटरवर. ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडणाऱ्या एटीआरला हे अंतर म्हणजे जेमतेम तेरा-चौदा मिनिटं. सॉलिड ना? चहा संपायच्या आत सांगली!

पण जरा थांबा. विमान काही एसटीसारखं स्टँडवरून थेट सुटत नाही. धावपट्टीपर्यंत रांगणं, चढणं, उतरणं धरलं की अर्धा तास गेलाच. तासभर आधी पोचायचं, बॅग, सिक्युरिटी... म्हणजे झाले दीड-दोन तास.

आणि मुळात बसायचं कुठे? सातारा शहराला विमानतळच नाही. जिल्ह्यातला आहे तो कराडला, १९५०च्या दशकात कोयना धरणाच्या कामाच्या काळात झालेला, छोट्या विमानांपुरता. सांगलीजवळ कवलापूरला जुनी धावपट्टी आहे, पण प्रवासी विमान तिथे येत नाही. या दोन्हींमध्ये हवाई अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. विमानानं उंची गाठली की लगेच उतरायची तयारी! शिवाय साताऱ्याहून कराडपर्यंतचे पन्नासेक किलोमीटर गाडीनंच जायचे. तशीच गाडी पेठ नाक्यावरून पुढे हाकली तर सत्तरेक किलोमीटरवर सांगली येतेच की.

बरं, मोठे विमानतळ धरू. सातारकरांना पुण्याचं लोहगाव, सांगलीकरांना कोल्हापूरचं उजळाईवाडी. घर ते विमानतळ आणि विमानतळ ते घर, हेच रस्त्यानं दीडशे किलोमीटरच्या वर. सातारा-सांगली अख्खा रस्ता सव्वाशेचा! म्हणजे उडण्यासाठी जमिनीवरच जास्त फिरायचं.

खरी बाजी मारते ती आपली रेल्वे. १९७१ साली ब्रॉडगेज झालेला पुणे-मिरज मार्ग. माहुलीजवळचं सातारा स्टेशन सोडलं की कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी आणि सांगली. एक्स्प्रेसनं साधारण अडीच तास. कृष्णामाईही याच दिशेनं निघालेली असते. माहुलीला वेण्णा, कराडला कोयना, सांगलीजवळ हरिपूरला वारणा, अशा मैत्रिणी गोळा करत. तिला मात्र कसलीच घाई नसते.

मग कवलापूरला विमानतळ नकोच का? असं कोण म्हणतंय! दिल्ली-बंगळुरूत नोकरी करणाऱ्या सांगलीच्या पोरांना तो झाला तर हवाच आहे. त्यांचा अख्खा दिवस वाचेल आणि त्यांच्याही घरी कुणीतरी वाट बघत असतंच. पण दोनशे-अडीचशे किलोमीटरच्या आतल्यांनी विमानाची वाट बघू नये.

माझा फंडा सोपा आहे. शुक्रवारी रात्री पुण्याहून थेट सांगली, म्हणजे लांबचं घर आधी. बाबांबरोबर शनिवारची सकाळ, त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं हळूहळू चालणं, गणपती मंदिरापर्यंत. रविवारी सकाळच्या गाडीनं सातारा, सासूबाईंच्या हातचं जेवण आणि रात्री पुणे. अडीच तासांच्या रेल्वेनं तेवढं जमतं. तेरा मिनिटांच्या विमानानं जमलं नसतं.