कड्याच्या वाटेवर

नगरहून डेमूत बसलो तरी याकीव पालीचं नाव डोक्यातून जात नव्हतं. नाझींच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये ट्रावनिकीच्या छावणीवर तो हत्यारबंद पहारेकरी होता. ३ नोव्हेंबर १९४३ला, एका दिवसात, तिथं सुमारे ६,००० ज्यूंना गोळ्या घातल्या. युद्धाच्या काळात शेतावर आणि कारखान्यात राबत होतो, असं सांगून पाली १९४९ साली अमेरिकेत शिरला आणि न्यूयॉर्कात स्थिरावला. जुन्या कागदांनी त्याला गाठलं, २००३ साली नागरिकत्व गेलं. पण पंधरा वर्षं कुठलाच देश त्याला घेईना. २०१८च्या ऑगस्टमध्ये अखेर जर्मनीनं घेतलं. पुढच्या जानेवारीत तो ९५व्या वर्षी वारला. युद्धगुन्ह्याचा खटला त्याच्यावर कधी चाललाच नाही.

नारायणडोह मागं पडलं. पुढं बीड जिल्हा लागतो, पण खिडकीतून काही कळत नाही. तीच ज्वारी, तोच कांदा. १९४८ साली भारतीय फौजेनं ‘पोलीस ॲक्शन’ करून हैदराबाद संस्थान ताब्यात घेईपर्यंत इथं निजामाच्या राज्याची हद्द होती. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद रझाकारांच्या धाकानं माणसं बैलगाडीत भांडीकुंडी टाकून रात्रीची ही हद्द ओलांडत.

कड्याला उतरून चहाच्या टपरीवर बसलो. शेजारी आसपासच्या खेड्यातले एक आजोबा होते. रझाकारांचा विषय काढताच ते भडाभडा बोलू लागले. आईच्या कडेवर बसून नगरकडं पळालेले ते. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी याला सात वर्षांची सजा झाली आणि १९५७ साली सुटून तो पाकिस्तानात गेला, हेही त्यांना ठाऊक होतं.

"आणि पोलीस ॲक्शननंतर, आजोबा?"

ते गप्प झाले.

ही गप्प बसण्याची जागा मराठवाड्यात मला पुष्कळदा भेटली आहे. नेहरूंनी पाठवलेली पंडित सुंदरलालांची समिती १९४८च्या अखेरीस या मुलखात फिरली. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर साऱ्या हैदराबाद संस्थानात २७,००० ते ४०,००० माणसं मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज. मेलेले बहुतेक मुसलमान होते. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून निदान ५,००० धरले होते. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढं आलाच नाही. रझाकारांचा जुलूम खराच होता, त्याची याद राहायलाच हवी. पण त्यांच्यानंतर ज्यांनी हात चालवले त्यांची नावं कुठल्या कागदावर चढली? पालीला पुष्कळ वर्षांनी का होईना, कुणी तरी जाब विचारला. आपल्याकडं तेवढंही झालं नाही, याचं मला फार दुःख आहे.

मी वही काढली.

"गावाचं नाव ल्ह्यायचं न्हाई," आजोबा म्हणाले.

"नाही लिहीत."

त्यांनी बशी खाली ठेवली. "येशीजवळ एका पिंजाऱ्याचं घर व्हतं. दिवाळीच्या आधी आमच्या गाद्या त्योच भरायचा..."