समुद्र विकणारं गाव

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनातून निघालं की तासाभरात ब्रायटन. स्टेशन उंचावर आहे आणि बाहेर पडताच क्वीन्स रोड उतारानं थेट समुद्राकडे नेतो. भाची सोबत होती. "मामा, वाळू शोधू नकोस हं," तिनं गाडीतच बजावलं होतं. तरी किनाऱ्यावर मी खालीच बघत राहिलो. नजर पोचेल तिथवर मुठीएवढे तपकिरी गोटे. लाट परतताना ते एकमेकांवर घासत खळखळतात. आपल्या गुहागरची लाट अशी बोलत नाही.

मराठी माणूस इथं बहुधा एकाच ओढीनं येतो. 1909 साली सावरकरांना 'सागरा प्राण तळमळला' याच किनाऱ्यावर सुचलं. थोरल्या भावाला, बाबारावांना, काळ्या पाण्याची जन्मठेप झालेली. मदनलाल धिंग्रा ऑगस्टमध्ये फासावर गेलेले. गाणं सुचलं तेव्हा शेजारी बसलेल्या निरंजन पाल यांनी ती आठवण लिहून ठेवली आहे. हे बिपिनचंद्र पालांचे चिरंजीव, पुढे बॉम्बे टॉकीजचे पटकथालेखक झाले. मंगेशकर भावंडांच्या आवाजात ते गाणं ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे कायम निर्जन किनारा यायचा. चुकलंच. तेव्हाचं ब्रायटन म्हणजे लंडनकरांच्या मौजेचं गाव. समुद्रात शिरलेले दोन पिअर, एक 1866चा, दुसरा 1899चा. अशा जत्रेच्या गावी बसून कुणाला घर आठवावं, हे मला इथं आल्यावरच जास्त खरं वाटलं.

जत्रा सुरू केली ती एका डॉक्टरानं. पूर्वी ब्रायटहेल्मस्टन या नावाचं हे मासेमारांचं गाव होतं. 1750 मध्ये डॉ. रिचर्ड रसेल यांनी लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला, की समुद्राचं पाणी गाठींच्या विकारांवर औषध आहे. त्यात डुंबायचं आणि ते प्यायचंसुद्धा! पैसेवाले लोटले. चाकांच्या खोपटातून पाण्यात उतरणाऱ्या बायकांना बुचकळून काढायला दणकट बायका असत. त्यातली मार्था गन तर गावची प्रसिद्ध असामी झाली. मासे विकणारं गाव आता समुद्रच विकू लागलं. 1841 मध्ये रेल्वे आली आणि हे औषध साध्या माणसाच्याही खिशाला परवडू लागलं.

1783 मध्ये इथं पहिल्यांदा आलेला युवराज, पुढचा चौथा जॉर्ज, हा या गावाचं सगळ्यात उधळं गिऱ्हाईक. त्याच्यासाठी जॉन नॅशनं 1815 पासून रॉयल पॅव्हेलियन या महालाला आजचं रूप दिलं: बाहेरून घुमट, मिनार, जाळ्या, आत चिनी ड्रॅगनांची झुंबरं. राजानंही हिंदुस्थान पाहिला नव्हता, नॅशनंही नाही. ऐकीव हिंदुस्थान असाच दिसायचा, मिठाईच्या दुकानासारखा. व्हिक्टोरिया राणीला हा महाल आवडला नाही. 1850 मध्ये इमारत गावानं विकत घेतली.

खरा हिंदुस्थानी माणूस मात्र तेव्हा जवळच दुकान थाटून होता. पाटण्याचा शेख दीन महंमद. त्यानं इथं वाफेची न्हाणी काढली आणि राजाला चंपी केली. 'शॅम्पू' हा इंग्रजी शब्द याच चंपीचा नातलग. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे केसांना लावायची बाटलीसुद्धा आपलीच?" बाटली नाही गं, हात आपला.

पॅव्हेलियनच्या दालनांत फिरताना मला झुंबरांपेक्षा तिथले जुने फोटो धरून ठेवत होते. 1914 च्या डिसेंबरात फ्रान्सच्या आघाडीवरचे जखमी हिंदी शिपाई इथं आणले. संगीताच्या दालनात खाटांच्या रांगा, आणि झुंबराखाली फेटे बांधलेली माणसं. जातधर्म सांभाळायला नऊ वेगळी स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांना पाण्याचे वेगळे नळ. खोट्या घुमटांखाली खरा हिंदुस्थान आला तो असा, रक्तबंबाळ होऊन. सरकारनं या इस्पितळाची चित्रं हौसेनं छापली. राज्यकर्ता किती मायाळू, हे दाखवायला. माया नव्हतीच असं मी म्हणणार नाही, पण कॅमेराही होता.

संध्याकाळी 1866च्या त्या वेस्ट पिअरपाशी गेलो. 2003 च्या आगींनंतर त्याचा नुसता लोखंडी सांगाडा उरलाय. त्याच्याभोवती आपल्या भोरड्यांच्या जातीच्या पक्ष्यांचा थवा धुरासारखा वळत होता. शेजारी एका सीगलनं भाचीच्या हातातला फिश अँड चिप्सचा तुकडा पळवला. सगळं विकणाऱ्या या गावात फुकट मिळालं ते तेवढंच, तेही त्याला.

ब्रायटनला जाल तर पिअरवर पैसे थोडे कमी उडवा आणि अर्धा दिवस 'छत्री' या स्मारकासाठी ठेवा. इथल्या इस्पितळांत वारलेल्या 53 हिंदू आणि शीख शिपायांचं दहन जिथं झालं, त्या टेकडीवर ती संगमरवरी छत्री आहे. आराखडा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुविशारदाचा, उद्घाटन 1921 चं. गाडीरस्ता तिथवर जात नाही. पॅचमपासून कुरणांतून चढ चढावा लागतो आणि वर वारा फार असतो, कानटोपी न्या.