मोजदाद

वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, नावावर राहून गेलेल्या घराच्या फेरफारासाठी वारसाचा दाखला हवा होता, एवढ्या कोरड्या निमित्ताने यंदाच्या मार्गशीर्षात मी सव्वीस वर्षांनंतर भैंशाला गेलो. आणि कचेरीतले काम पहिल्या दिवशी न झाल्यामुळे दुसऱ्या दिवशीची जी मोकळी पहाट हाती लागली, तिचे काय करावे हे ठरण्यापूर्वीच पाय गावाबाहेरच्या जुन्या जिनिंगच्या मैदानाकडे वळले. मैदान तेथे नव्हते. पाडलेल्या भिंतीच्या आत चुन्याच्या रेघा ओढून भूखंड आखले होते, त्यांच्या कोपऱ्यांना सिमेंटचे खुंट रोवले होते, आणि ज्या कडुनिंबाच्या फांदीला नाना आपला सदरा अडकवीत असत त्या कडुनिंबाच्या जागी एका खुंटावर लाल रंगात आकडा घातलेला होता. मी तेथे बराच वेळ उभा राहिलो.

भैंशाविषयी लिहिणाऱ्याने गोदावरीकाठच्या बासरच्या सरस्वतीपासून आरंभ करावा, कापसाच्या पेठेचे वर्णन करावे, मराठी, तेलुगू आणि उर्दू या तीन भाषा एकाच चौकात कशा नांदतात ते सांगावे, हे योग्यच आहे. सुद्धवागूच्या धरणाने गावाच्या अंगाला जे विस्तीर्ण पाणी आणून ठेवले आहे, त्यावरही कोणी सुंदर लिहू शकेल. मला मात्र या गावातील एक तास तेवढा माहीत आहे. तो पहाटेचा आहे, आणि त्या तासात मी सहा वर्षांचा असून वडिलांच्या खांद्यावर बसलेलो आहे.

नाना अर्जनवीस होते. कचेरीच्या आवारात चिंचेखाली सतरंजी अंथरून, गुडघ्यावर लाकडी फळी घेऊन ते लोकांच्या दरख्वास्ती, मुखत्यारनामे, रहननामे लिहीत. त्यांचा जन्म १९१३ सालचा. तेव्हा भैंशाचा मुधोळ तालुका निजामाच्या राज्यात नांदेड जिल्ह्यात मोडत असे, आणि कचेरीची भाषा उर्दू होती. नानांचे उर्दूतले धावते शिकस्ता अक्षर असे वळणदार, की अर्ज वाचण्यापूर्वी अंमलदार क्षणभर तो नुसता पाहात राही, असे जुनी माणसे सांगत. मोडीही त्यांना तितकीच येत असे. घरातल्या वहीत ते मरेपर्यंत फसली सन घालीत, आणि निजामाचे सात हाली रुपये म्हणजे इंग्रजांचे सहा कलदार हा हिशेब, हाली नाणे चलनातून गेल्यावरही, त्यांच्या बोटांवर राहिलेला होता. दिवसभर मांडी घालून बसणाऱ्या या माणसाने आपल्या शरीराशी एक करार केला होता: रोज पहाटे चाळीस बैठका आणि बारा सूर्यनमस्कार. त्यात खंड पडलेला मी पाहिला नाही.

मला बरोबर नेण्याचे कारण साधे होते. पाठची बहीण तान्ही होती, आई रात्रभर जागलेली असे, आणि मी पहाटे उठलो की घर उठवीत असे. म्हणून नाना मला घोंगडीच्या खोळीत गुंडाळून उचलत, दार बाहेरून हलकेच ओढून घेत आणि अंधारात चालू लागत. त्यांच्या एका हातात मी आणि दुसऱ्या हातात रुमालात बांधलेले भिजवलेले हरभरे व गुळाचा खडा. तो रुमाल व्यायाम संपल्याशिवाय सुटत नसे, हे मला ठाऊक होते; त्यामुळे माझे सारे लक्ष व्यायाम संपण्याकडे असे.

हिवाळ्यात, हंगाम भरात असताना, मैदानात रुईचे ढीग लागलेले असत. रात्रीच्या दवाने ते राखाडी दिसत. कडुनिंबाच्या डहाळ्यांना, कुंपणाच्या तारेला, राखणदाराच्या खाटेच्या सुंभाला रुईचे तंतू चिकटलेले असत, आणि साऱ्या आसमंतात सरकीचा उग्र, किंचित तेलकट वास भरलेला असे. नाना सदरा काढीत, मांड्यांना तिळाचे तेल चोळीत, मला खांद्यावर घेत. माझे हात त्यांच्या कपाळावर. मग ते खाली बसत आणि वर येत, खाली बसत आणि वर येत, आणि प्रत्येक वेळी मी मोठ्याने आकडा म्हणत असे.

त्या खांद्यावरून मी जे पाहिले ते पुढे कोठेही पाहावयास मिळाले नाही. बैठक खाली गेली की समोरचा रुईचा ढीग सारे आकाश झाकून टाकी. वर आली की ढिगाच्या माथ्यामागे पूर्व उघडी पडे. पंचविसाव्या, तिसाव्या बैठकीच्या सुमारास सूर्याची कड ढिगाला टेके, आणि मग बैठकीगणिक तो माझ्यासाठी उगवू आणि मावळू लागे. नाना उठले की सूर्य उगवला, नाना बसले की मावळला. सूर्य नानांच्या गुडघ्यांत आहे अशी माझी त्या वयातली बालंबाल खात्री होती. माझ्या तळहातांखाली त्यांच्या कपाळावर घाम फुटत असे, प्रथम थंड आणि मग ऊन. आणि छातीच्या भात्याचा आवाज माझ्या पोटऱ्यांना जाणवत असे. मला त्यांचा चेहरा त्या वेळी दिसत नसे. माझ्या आठवणीतल्या नानांना त्या तासापुरता चेहरा नाही. कपाळ आहे, श्वास आहे, आणि तेलाचा वास आहे.

मोजण्याचे काम माझे, आणि मी ते प्रामाणिकपणे करीत नसे. अठ्ठावीसपर्यंत सरळ जाई, पण पुढे एकोणतीस आला की जीभ अडखळे. तीस अजून आलेलाच नाही, मग त्याचे नाव आधी का घ्यावयाचे, हे मला कळत नसे. कधी एकोणतिसाऐवजी एकोणचाळीस म्हणून दहा बैठका गिळून टाकी आणि रुमालाकडे पाही. नाना थांबत नसत. माझे चाळीस झाल्यावरही ते उठत-बसत राहात, दहा बैठका मुकाट्याने भरून काढीत, आणि मगच मला खाली उतरवीत. ‘नीट मोज, बाबू,’ एवढेच म्हणत. चूक दाखवून कधी दिली नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा आदिलाबादेकडून मुंबई राज्यात गेले, आणि मुधोळ तालुका नांदेडपासून तुटून आदिलाबादेस जोडला गेला. नाना जागचे हलले नाहीत. सतरंजी तीच, चिंच तीच. पण त्या दिवसापासून ते आंध्र प्रदेशाचे रहिवासी झाले. नातलगांतले पुष्कळ भोकरला, नांदेडला निघून गेले. ‘जमीन हलत नाही, मग आपण का हलावं,’ असे नाना म्हणत. १९६६ साली तेलुगू ही राज्याची राजभाषा झाली. एके दिवशी नानांनी एका वृद्ध कुळासाठी मराठीत लिहिलेला अर्ज एका कचेरीने परत पाठवला. पाठीमागे तेलुगूत शेरा होता. तो नानांना वाचता येईना. उभ्या आयुष्यात ज्यांनी दुसऱ्यांचे कागद वाचून दिले, त्यांनी संध्याकाळी शेजारच्या तेलुगू शाळेत जाणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला ओट्यावर बसवले, त्याच्या हातात तो कागद दिला आणि स्वतः उभे राहून ऐकला. मजकूर एवढाच होता, की अर्ज योग्य भाषेत नाही. योग्य हा शब्द त्या दिवसापासून मला सलत आला आहे. कोणा एका माणसाचा दोष नव्हता, हे आज कळते. पण कळल्याने सल जात नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे, मला खांद्यावर घेतल्यावर नाना क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘आज तातच्या भाषेत मोज.’

तात म्हणजे जिनिंगचा म्हातारा राखणदार. तेलुगूत तात म्हणजे आजोबा. आम्ही सारी मुले त्याला तसेच हाक मारीत असू. तो निर्मलकडचा, मराठी समजे पण बोलत नसे. खाटेवर उठून बसून, कांबळे पांघरून तो आमचा व्यायाम रोज पाहात असे. नानांचे बोलणे ऐकून तो पुढे आला, ‘लेक्कपेट्टु’ म्हणाला, म्हणजे मोज, आणि पहिल्या बैठकीला त्याने स्वतः आवाज दिला: ‘ओकटि.’ मी त्याच्यामागून म्हणालो. रेंडु, मूडु, नालुगु. त्या पहाटे एका सहा वर्षांच्या मुलाबरोबर त्रेपन्न वर्षांचा एक अर्जनवीसही तेलुगू शिकत होता, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही.

तेलुगू मोजणीत मी कोठेच अडखळलो नाही. कारण तिच्यात एकोण नाही. आपला एकोणचाळीस म्हणजे एकाने ऊन असे चाळीस. नानांच्या उर्दूतला उनतालीस तोच. नवाच्या घरात आलो की या दोन्ही भाषा बहुधा हातातले सोडून पुढच्याकडे बोट दाखवतात आणि काय कमी आहे ते सांगतात. तेलुगूत मुप्पै म्हणजे तीस, तोम्मिदि म्हणजे नऊ. मुप्पै तोम्मिदि म्हणजे तीस आणि वर नऊ, आणि त्यानंतर नलभै, चाळीस. मी धडाधड मोजत गेलो, एकही बैठक न गिळता. खाली उतरवल्यावर नाना घाम पुशीत तातला दुरून नमस्कार करून मला म्हणाले, ‘तातची मोजणी सरळ आहे, बाबू. हातात असेल तेवढंच सांगते.’ त्या दिवशी गुळाचा खडा त्यांनी तिघांत फोडला.

बैठकांनंतरचे सूर्यनमस्कार नाना एकटेच घालीत. मित्र, रवि, सूर्य, भानु अशी बारा नावे मी समोर उभा राहून म्हणत असे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी या नमस्कारांचा ध्यास घेऊन आपल्या संस्थानातल्या शाळांतून ते रूढ केले, आणि राजवाड्यातली मुलेबाळेही त्यातून सुटली नव्हती, ही हकीकत नानांनी तरुणपणी कोठेतरी वाचली होती व ती ते मोठ्या आदराने सांगत. भवानरावांचे चिरंजीव आप्पासाहेब पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी हिंडले, आणि साठीच्या उंबरठ्यावर, १९७० साली, त्यांनी सूर्यनमस्कारांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. मी ते पुढे वाचनालयात पाहिले, तेव्हा त्यातील आरोग्याच्या विवेचनापेक्षा मला एकच गोष्ट मोठी वाटली: बापाबरोबर पहाटे उठवलेला मुलगा त्या पहाटेचा हिशेब सवडीने, स्वतः वृद्धत्वाकडे झुकू लागल्यावर, चुकता करतो. राजपुत्राचे आणि अर्जनवीसाच्या मुलाचे यात अंतर नाही.

मी आठ वर्षांचा होण्याच्या बेतात होतो. थंडी होती, ढिगामागे सूर्य आलेला होता, आणि त्या दिवशी मी मराठीत मोजत होतो. ‘एकोणचाळीस’ म्हणालो. नाना खाली बसले. ढीग आकाश झाकून राहिला. मी चाळीस म्हणण्यासाठी तोंड उघडून वाट पाहू लागलो. सूर्य वर येईना. माझ्या हातांखालचे कपाळ थरथरत होते. तात खाटेवरून उठून उभा राहिला होता, पण पुढे आला नाही. मग नानांनी बसल्या बसल्याच दोन्ही हातांनी मला धरून अलगद जमिनीवर उतरवले, माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, ‘बाबू, तू आता जड झालास.’

मी हरखून गेलो. घरी येऊन आईला सांगितले, शेजारी सांगितले, शाळेत सांगितले, की मी आता एवढा जड झालो आहे की नानांना उचलवत नाही. आईने चुलीवरचे भांडे उतरवून ठेवले आणि नानांकडे पाहिले. नाना रुमाल झटकीत होते. पुढे कित्येक वर्षे मी ती गोष्ट माझ्या वाढीची गोष्ट म्हणून सांगत आलो; आणि ती नानांच्या गुडघ्यांची, त्यांच्या थकत चाललेल्या श्वासाची गोष्ट होती, हे मला स्वतःच्या मुलाला खांद्यावर घेण्याचे वय उलटून गेल्यावर समजले. त्या दिवसानंतर मी शेजारी उभा राहून मोजत असे. चाळिसाचे तीस झाले, तिसाचे वीस.

१९७२ च्या दुष्काळात नाना गेले. एकोणसाठ वर्षांचे होते. भोकरहून, नांदेडहून आलेले नातलग ओसरीवर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, की एक वर्ष कमी पडले, साठी झाली असती. एकोणसाठ या शब्दात जी उणीव आधीच भरून ठेवलेली आहे, तीच ते उकलून सांगत होते, आणि मला तो शब्द त्या दिवसापासून उच्चारवेनासा झाला. कोणी वडिलांचे वय विचारले की मी ‘साठीच्या आत’ असे म्हणून वेळ मारून नेत आलो.

भूखंडांच्या रेघांवरून परत येऊन मी अकरा वाजता कचेरीत गेलो. मधल्या काळात राज्याचे नाव पुन्हा बदलले आहे. २०१४ पासून ते तेलंगणा आहे, आणि २०१६ पासून भैंसा निर्मल जिल्ह्यात गेले आहे. नानांची चिंचेखालची सतरंजी अजून तेथेच असती, तर तिने न हलता आणखी दोन पत्ते पाहिले असते. खिडकीपलीकडे माझ्या नातवाच्या वयाचा कारकून होता. त्याने अदबीने खुर्ची दिली, अर्ज वाचला आणि मृताच्या वयाच्या रकान्यावर लेखणी ठेवून विचारले, ‘वयसु एंत?’

मी विचार केला नाही. पहाटेपासून ज्या खांद्यावर बसलो होतो तेथूनच, मोठ्याने, मोजल्यासारखे उत्तर आले: ‘याभै तोम्मिदि.’

पन्नास आणि वर नऊ. त्याने तेवढेच लिहिले.