मेदुसा आणि गॉर्गन : दोन नावांचा समुद्रापर्यंतचा प्रवास

ग्रीक पुराणकथांतील मेदुसा ही तीन गॉर्गन भगिनींपैकी एक. हेसिअडच्या ‘थिओगनी’ या काव्यानुसार स्थेनो आणि युरिअली या दोघी अमर होत्या, तर मेदुसा एकटीच मर्त्य होती, आणि म्हणूनच वीर पर्सियसला तिचा शिरच्छेद करता आला. ‘गॉर्गन’ हे नाव ‘भयंकर’ या अर्थाच्या ‘गॉर्गोस’ या विशेषणाशी संबंधित आहे; ‘मेदुसा’ हे मात्र ‘राज्य करणे, राखणे’ या अर्थाच्या धातूपासून बनलेले स्त्रीलिंगी धातुसाधित असून त्याचा अर्थ ‘सत्ता चालवणारी’, ‘राखणारी’ असा होतो. केसांच्या जागी साप असलेल्या आणि पाहणाऱ्याचा दगड करणाऱ्या स्त्रीला असे नाव असणे विसंगत वाटते. परंतु प्राचीन ग्रीकांचा आचार पाहिला की ही विसंगती बरीचशी मावळते. मेदुसाचे छिन्न मस्तक अथेना देवीच्या ‘एजिस’ या कवचावर विराजमान झाले. ‘गॉर्गोनेइऑन’ नावाची त्याची प्रतिमा ढालींवर, नाण्यांवर आणि इमारतींवर अरिष्टनिवारणासाठी कोरली जाई. कॉर्फू बेटावरील आर्टेमिसच्या मंदिराच्या दर्शनी त्रिकोणी भागात इ.स.पू. 580 च्या सुमारास कोरलेली मेदुसाची भव्य आकृती याच श्रद्धेची साक्ष देते.

या नावाला सर्वांत मोठे वळण दिले ते स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने. 1758 साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिस्टिमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीत त्याने जेलीफिशच्या प्रजातीला ‘मेदुसा’ हे नाव दिले. छत्रीसारख्या शरीराखाली वळवळणाऱ्या दंशक शुंडकांत मेदुसाचे सर्पकेश दिसावेत, हे स्वाभाविकच होते. पुढे ती प्रजाती मोडली गेली आणि लिनियसची ‘मेदुसा ऑरिटा’ आज ‘ऑरेलिया ऑरिटा’ म्हणून ओळखली जाते. शास्त्रात ‘मेदुसा’ ही संज्ञा आता या प्राण्यांच्या जीवनचक्रातील मुक्तपणे तरंगणाऱ्या अवस्थेसाठी वापरतात, तर तळाला चिकटून राहणाऱ्या अवस्थेला ‘पॉलिप’ म्हणतात.

ग्रंथातील हे नाव लोकांच्या तोंडी कितपत उतरले, याचे उत्तर भाषेगणिक वेगळे आहे. इटालियन आणि स्पॅनिशमध्ये ‘मेदुसा’, फ्रेंचमध्ये ‘मेद्यूझ’, रशियन आणि पोलिशमध्ये ‘मेदूझा’ हा जेलीफिशसाठी रोजच्या वापरातला शब्द आहे. इंग्रजी आणि जर्मन या भाषांनी मात्र अनुक्रमे ‘जेलीफिश’ आणि ‘क्वाल’ हे आपापले शब्द टिकवले आणि पौराणिक नाव शास्त्रज्ञांकडे सोपवले. खुद्द आधुनिक ग्रीकमध्ये ‘मेदुसा’च्या जोडीने ‘त्सूख्त्रा’, म्हणजे ‘डंख मारणारी’, हा शब्द चालतो. फ्रेंचने तिची नजरही जपली आहे, कारण ‘मेद्यूझे’ या क्रियापदाचा अर्थ एखाद्याला आश्चर्याने किंवा भीतीने जागीच खिळवून टाकणे असा होतो. शिवाय फ्रेंच कानांना या नावात एक शोकांतिकाही ऐकू येते: 1816 साली ‘मेद्यूझ’ ही युद्धनौका आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ रुतली, सुमारे दीडशे माणसे एका तराफ्यावर सोडून देण्यात आली, आणि सुटका झाली तेव्हा त्यांतली 15 जिवंत होती. चित्रकार जेरिकोचे 1819 चे विख्यात चित्र याच घटनेवर आधारलेले आहे.

‘गॉर्गन’ या शब्दाची वाट याहून विलक्षण आहे. इंग्रजीत तो करड्या, धाक बसवणाऱ्या स्त्रीसाठी वापरला जातो, आणि तो अर्थ फार खोल जात नाही. समुद्रात मात्र त्याला नवे आयुष्य लाभले. मेदुसाच्या मस्तकाच्या स्पर्शाने पाणवनस्पती कठीण होऊन पोवळे निर्माण झाले, अशी कथा रोमन कवी ओव्हिड सांगतो. रोमन लेखक प्लिनीनेही पोवळ्याचे ‘गॉर्गोनिया’ हे नाव नोंदवले आहे. आणि लिनियसने तेच नाव पंख्याच्या आकाराच्या मऊ प्रवाळांना दिले. आधुनिक ग्रीकमध्ये तर ‘गॉर्गोना’ म्हणजे मत्स्यकन्या. लोककथेत ती अलेक्झांडरची बहीण असते, जहाजे अडवून राजा जिवंत आहे का असे विचारते, आणि ‘जिवंत आहे, राज्य करतो आहे’ असे उत्तर मिळाले तरच समुद्र शांत ठेवते. भयाचे मुख असे राखणदारीकडे वळते, तेव्हा मेदुसा या नावाचा मूळ अर्थच जणू बहिणींच्या वाट्याला येतो.

लिनियसने ‘गॉर्गोनिया’ म्हटलेल्या प्रवाळांचे भाईबंद भारतीय समुद्रांतही आहेत. वाळवलेले सागरी पंखे ‘इंद्रजाल’ या नावाने विकले जातात आणि दृष्ट लागू नये, अरिष्ट टळावे म्हणून घरात टांगले जातात. ग्रीक दारांवरील गॉर्गोनेइऑनचे कामही हेच होते. या साम्यामागे परस्परसंबंध शोधण्याचे कारण नाही. मात्र हे ‘इंद्रजाल’ समजले जाते तसे वनस्पतीचे मूळ नसून सजीव प्राण्यांच्या वसाहतीचा सांगाडा आहे, आणि सर्व गॉर्गोनियन प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 चे संरक्षण असल्यामुळे त्याची विक्री हा गुन्हा आहे. वाचकांनी ते विकत घेऊ नये.